पाटल्या, उंबरा आणि अल्लाची कसम

*आपा, सलाम.*

*मी रायगड जिल्ह्यातली, खाडीकाठच्या एका गावची. लग्नानंतर मुंब्र्यात. आम्ही दोघंच भावंडं, भाऊ थोरला. वडील आधीच गेलेले, आई अडीच वर्षांपूर्वी गेली. चाळिसावा झाल्यावर वाटणीची बोलणी निघाली, तेव्हा भाऊ चार माणसांत म्हणाला, "आईच्या पाटल्या हिनं लांबवल्या." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "वल्ला, मी त्या पाटल्या बघितल्यासुद्धा नाहीत." आणि तिथंच उभी राहून म्हणाले, "अल्लाची कसम, या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ठेवलं तर माझ्या पोराचं मढं बघेन." तेव्हापासून गेले नाही.*

*खरं सांगते, पाटल्या आईनंच मला दिल्या होत्या, जायच्या वीस-बावीस दिवस आधी. "तू माझी सेवा केलीस, ठेव तुला," म्हणाली. तेव्हा खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्या माझ्या कपाटात आहेत, मी घालत नाही.*

*पुढच्या महिन्यात भावाच्या मुलीचा निकाह आहे. पोरगी रोज फोन करून रडते. नवरा म्हणतो, मागच्या दारानं जा, उंबरा ओलांडायला नको. शेजारीण म्हणते, लागोपाठ तीन रोजे धर, सुटलीस. गावच्या खतीबसाहेबांनी वेगळंच सांगितलं. आणि भावाचा निरोप आहे की ये, पण आधी जमातीसमोर कुराण उचल. "मी चोरी केली नाही" एवढंच म्हणून कुराण उचललं तर चालेल का? ते तर खरंच आहे ना? शिवाय परवा माझा मुलगा मोटारसायकलवरून पडला, हात मोडला. माझ्या कसमेमुळे तर नाही?*

*एक बहीण, मुंब्रा*

ताई, वालेकुम सलाम.

तुमच्या पत्रात पाच प्रश्न आहेत. चार तुम्ही विचारलेत. पाचवा न विचारता मधल्या एका ओळीत ठेवून दिलात. त्या ओळीकडे मी येणारच आहे आणि तेव्हा तुम्हाला माझा राग येईल. येऊ दे.

मी मुफ्ती नाही, हे आधी सांगते. शाळेत मुलांना उर्दू-अरबी शिकवण्यात माझा जन्म गेला. माहेर चिपळूणकडचं, म्हणजे शाफई. सासर सोलापूरचं, हनफी. ही सुन्नी मुसलमानांच्या धर्मकायद्याची दोन घराणी. एकाच मसल्याची, म्हणजे धर्माच्या प्रश्नाची, दोन उत्तरं एकाच ताटावर ऐकत मी म्हातारी झाले. त्यामुळे तुमच्या शेजारणीचं आणि खतीबसाहेबांचं का जुळत नाही, तेवढं तरी मला नक्की सांगता येईल.

मुलापासून सुरुवात करू. पत्रात तुम्ही त्याला शेवटी टाकलंत, पण रात्रीची झोप त्यानंच उडवली असणार. तुम्ही काय म्हणाला होतात? पाऊल ठेवलं तर. पाऊल तर तुम्ही अजून ठेवलंच नाही! मग त्या कसमेनं हात मोडला तरी कुठल्या हिशेबानं? पोरगा मोटारसायकलवरून पडला, म्हणून हात मोडला. त्याला हेल्मेट घेऊन द्या.

मुळात पोराच्या जिवाची कसम ही आपल्या दीनात कसमच धरत नाहीत. कसम फक्त अल्लाहच्या नावाची, नाहीतर त्याच्या गुणांची. हजरत उमर, प्रेषितांचे एक साथीदार, एकदा काफिल्यातून जाताना बापाची शपथ घेत होते. ती हुजूरांच्या, म्हणजे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर पडली. त्यांनी तिथल्या तिथं सांगितलं की बापजाद्यांच्या शपथा घ्यायला अल्लाह तुम्हाला मना करतो, ज्याला घ्यायचीच आहे त्यानं अल्लाहची घ्यावी, नाहीतर गप्प बसावं. उमर पुढं सांगायचे की त्या दिवसानंतर मी तशी शपथ स्वतः घेतली नाही आणि दुसऱ्यानं घेतलेली सांगतानासुद्धा ती तोंडातून काढली नाही. तेव्हा लेकराची, आईच्या कबरीची, दर्ग्याची, अन्नाची, कुठलीच आन माणसाला बांधत नाही. मोडली तर कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, नाही. ती घेतली ही चूक झाली, तिची तौबा करायची, एवढंच.

आणि तुमचं वाक्य शपथेपेक्षा बददुआच जास्त होतं. कुराणातल्या सूरह यूनुसच्या ११व्या आयतीत अल्लाह म्हणतो की माणसं भलं मागायची जशी घाई करतात तशीच घाई त्यानं त्यांचं वाईट करण्यात केली असती, तर त्यांची मुदत केव्हाच संपली असती. जुन्या भाष्यकारांनी इथं रागाच्या भरात स्वतःच्याच पोराला शिव्याशाप देणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं आहे. म्हणजे तुमच्यासारख्या आया तेव्हाही होत्या, आणि त्यांचं ते बोलणं अल्लाह मनावर घेत नव्हता.

गंमत बघा, आपल्या देशाचा कायदासुद्धा इथं हुजूरांच्या बाजूनं उभा आहे. १९६९च्या शपथ कायद्यात साक्षीदाराला आपल्या समाजातल्या रीतीनं शपथ घ्यायची मुभा न्यायालय देऊ शकतं, पण त्या शपथेची झळ तिसऱ्या माणसाला लागता कामा नये, अशी अट आहे. पोराच्या डोक्यावर हात ठेवून साक्ष देता येत नाही, ती याचमुळे.

आता घराची कसम. ही मात्र खरी आहे. काही लोक तुम्हाला म्हणतील, रागात बोललीस, ती 'लग्व' झाली, सोडून दे. लग्व म्हणजे पोकळ कसम, जिची पकड अल्लाह करत नाही. ती कुठली हे हुजूरांच्या पत्नी हजरत आयशांनी सांगून ठेवलंय: 'नाही वल्ला', 'हो वल्ला' असं बोलताबोलता जिभेवरून निसटतं ते. आपल्याकडे 'वल्ला, काय ऊन पडलंय!' म्हणतात, तसं. तुम्ही उभ्या राहिलात, घराकडं बोट केलं असेल, शब्द निवडलेत आणि अडीच वर्षं ते पाळलेत. याला पोकळ कसं म्हणू? राग आला म्हणून कसम उतरत नाही. ही पुढच्या गोष्टीवर जाणूनबुजून बांधलेली कसम आहे आणि मोडली तर कफ्फारा लागतो.

पण मोडायची का? हो, मोडायची. सूरह बकराची २२४वी आयत काढून बघा. नेकी करायला, परहेजगारीनं वागायला आणि लोकांत समेट घडवायला आपल्या कसमांनी अल्लाहला आडकाठी करू नका, असं तिथं आहे. मी शाळेत ही आयत शिकवायची तेव्हा मुलांना दाराचा अडसर दाखवायची. तुम्ही भावाच्या दाराला आतून-बाहेरून जो अडसर घातलात, त्यावर नाव अल्लाहचं लिहिलंत. त्याला ते आवडत नाही.

हुजूरांचा नेम ठरलेला होता: एखादी कसम घेतली आणि मग त्याहून बरी गोष्ट दिसली, तर बरी गोष्ट करायची आणि कसमेचा कफ्फारा द्यायचा. अबू मूसा अशअरी आपल्या लोकांसाठी उंट मागायला आले, तेव्हा हुजूर म्हणाले होते, अल्लाहची कसम, मी देणार नाही. नंतर उंट आले, त्यांनी बोलावून दिले. मंडळी वाटेतून परत फिरली, हुजूर कसम विसरले असतील म्हणून आठवण करून द्यायला. तेव्हा त्यांना हा नेम ऐकायला मिळाला. घरच्या माणसांबाबत तर त्यांनी आणखी कडक सांगितलंय: घरच्यांविरुद्धच्या कसमेला चिकटून बसणं हे ती मोडून कफ्फारा देण्यापेक्षा अल्लाहजवळ मोठं पाप आहे. हे वाक्य बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे हुजूरांच्या वचनांच्या, दोन्ही संग्रहांत आहे. नातं तोडण्याची कसम पाळण्यात सबाब, म्हणजे पुण्य, नाही, ताई. तुम्हाला वाटत होतं की तुम्ही अडीच वर्षं अल्लाहच्या नावाची लाज राखताय.

आता माझ्या आवडीच्या दोन गोष्टी सांगते. दोन्ही एकाच घरातल्या, बाप आणि लेक, म्हणजे अबू बक्र आणि आयशा, यांच्या.

हजरत आयशांवर मदिन्यात बालंट आलं, तेव्हा ते पसरवणाऱ्यांत मिस्तह होता. तो अबू बक्रांचा नातलग, गरीब, आणि त्यांच्याच पैशावर जगणारा. आयत उतरून आयशा निर्दोष ठरल्या, तेव्हा अबू बक्रांनी कसम घेतली की आता मिस्तहवर एक दिरहमही खर्चणार नाही. कुठल्या बापानं घेतली नसती? त्यावर सूरह नूरची २२वी आयत आली: तुमच्यातल्या ऐपतदारांनी नातलगांना, गरिबांना न देण्याच्या कसमा घेऊ नयेत, माफ करावं, अल्लाहनं तुम्हाला माफ करावं असं तुम्हाला वाटत नाही का? अबू बक्र म्हणाले, वाटतं, अल्लाहची कसम, वाटतं. मिस्तहचं अन्न पुन्हा सुरू झालं. बघा, एक कसम सोडताना दुसरी कसम तोंडात आली, आणि ती मात्र राहिली.

दुसरी गोष्ट पुढची, आयशा वयस्क झाल्यानंतरची. बहीण अस्माचा मुलगा अब्दुल्ला बिन जुबैर त्यांचा लाडका. आयशांना स्वतःचं मूल नव्हतं, त्या 'उम्मे अब्दुल्ला' म्हणवायच्या ते याच भाच्यावरून. त्यांचा हात देता होता, येईल ते वाटून टाकायच्या. एकदा भाचा बोलून गेला की मावशीनं हे थांबवावं, नाहीतर मी तिच्या व्यवहारांवर बंदी आणीन. मावशीच्या कानावर गेलं. "असं म्हणाला तो?" मग त्यांनी अल्लाहचा नवस बोलला की या पोराशी आयुष्यात एक शब्द बोलणार नाही. दिवस गेले. भाच्यानं मध्यस्थ घातले, त्या ढिम्म. शेवटी त्यानं मिस्वर आणि अब्दुर्रहमान या दोघांचे पाय धरले. दोघं त्याला चादरीत झाकून मावशीच्या दारात घेऊन गेले. सलाम केला, "आत येऊ?" "या." "सगळे येऊ?" "सगळे या." आत कोण कोण येतंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाचा पडदा सारून आत शिरला आणि मावशीच्या गळ्यात पडून रडायला लागला. बाहेरून दोघं सांगत होते, मुसलमानानं मुसलमानाशी तीन रात्रींपेक्षा जास्त अबोला धरू नये असं हुजूर म्हणाले आहेत. त्या रडत म्हणत होत्या, मी नवस बोललेय, नवस फार कठीण गोष्ट असते. अखेर बोलल्या. त्या नवसापोटी त्यांनी ४० गुलाम मुक्त केले. एकानं भागलं असतं. पुढं कधी आठवण निघाली तरी ओढणी भिजेपर्यंत रडायच्या.

तुमची भाची रोज फोन करते ना? तिला चादरीची गरज पडू देऊ नका.

मागच्या दाराबद्दल. तुमच्या नवऱ्याची युक्ती मला ओळखीची वाटली, कोकणात असे वकील घरोघरी असतात. 'पाऊल ठेवणार नाही' म्हणजे आत जाणार नाही, असाच अर्थ लोक घेतात. हनफी फिकहमध्ये, म्हणजे धर्मकायद्यात, अशा वाक्याचा अर्थ रिवाजावरूनच लावतात, मग माणूस घोड्यावर बसून आत गेला तरी कसम मोडते. पडवीतून गेलात की माजघरातून, घर तेच. इस्लामच्या आधी अरबांत एक रीत होती, हजच्या कपड्यांत असले की घरात पुढच्या दारानं जायचे नाहीत, मागून शिरायचे. त्यावर सूरह बकराच्या १८९व्या आयतीत उतरलं की मागून शिरण्यात नेकी नाही, घरात दारानं या. आयत वेगळ्या प्रसंगाची आहे, मला माहीत आहे. तरी तुमच्या नवऱ्याला वाचून दाखवा.

निकाह हॉलमध्ये असेल आणि तुम्ही फक्त हॉलला गेलात, तर मात्र कसम शब्दानं मोडत नाही. तसा सल्ला कुणी देईलही. मी देणार नाही, कारण मग घर तसंच बंद राहील.

आता ती ओळ.

"वल्ला, मी त्या पाटल्या बघितल्यासुद्धा नाहीत." तुम्ही हे म्हणालात तेव्हा पाटल्या तुमच्या कपाटात होत्या. घराच्या कसमेवर तुम्ही पानभर लिहिलंत, मुलावर लिहिलंत, आणि हे वाक्य जाताजाता सांगून पुढं गेलात. सगळ्यात जड कसम हीच आहे, ताई. घडून गेलेल्या गोष्टीवर, खोटं आहे हे ठाऊक असताना अल्लाहचं नाव घेणं. अरबीत हिला 'गमूस' म्हणतात, म्हणजे बुडवणारी. घेणाऱ्याला पापात आणि पुढं आगीत बुडवते, म्हणून हे नाव. घराची कसम मोडणं तुमच्या हातात आहे आणि ती मोडली की हिशेब मिटतो. ही तर घेतली त्याच क्षणी होऊन गेली.

अशअस बिन कैस नावाच्या सहाबींचा, म्हणजे हुजूरांच्या साथीदाराचा, एका विहिरीवरून चुलतभावाशी वाद होता. ते हुजूरांकडं गेले. हुजूर म्हणाले, तुझा पुरावा आण, नाहीतर त्याची कसम. अशअस म्हणाले, तो तर बिनदिक्कत कसम खाईल! तेव्हा हुजूर म्हणाले, दुसऱ्याचा माल लाटायला जो जाणूनबुजून खोटी कसम खातो, तो अल्लाहला भेटेल तेव्हा अल्लाह त्याच्यावर संतापलेला असेल. दुसऱ्या एका वेळी कुणीतरी विचारलं, वस्तू क्षुल्लक असली तरी? उत्तर आलं, मिसवाकाची, म्हणजे दात घासायची, काडी असली तरी. पाटल्या तर सोन्याच्या आहेत.

तुम्ही म्हणाल, पण मी कुणाचा माल लाटला? आईनं मला दिल्या. असेल, आणि माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण मग त्या दिवशी 'आईनं मला दिल्या' हे तीन शब्द का निघाले नाहीत? मला वाटतं, कारण ते म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याचं उत्तर तुम्हालाही पक्कं ठाऊक नव्हतं.

पुढचा प्रश्न असा. जिवंतपणी दिलेली आणि ताब्यात आलेली भेट पुरी होते, तिला हिबा म्हणतात. आई हिंडतीफिरती होती, धडधाकट मनानं दिलं आणि नंतर अचानक गेली, तर पाटल्या तुमच्या, भावाचा काही संबंध नाही. पण ती शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली होती, त्यातून उठणार नाही हे तिलाही कळत होतं आणि त्यातच गेली, तर ते 'मर्जुल मौत'. त्या काळात वारसाला दिलेली भेट वसीयतीसारखी, म्हणजे मृत्युपत्रासारखी, धरतात आणि 'वारसाला वसीयत नाही' हा हुजूरांचा हुकूम आहे. दुसरा वारस कबूल झाला तरच ती टिकते. इथं दुसरा वारस भाऊ. तो कबूल नसला तर पाटल्या वाटणीत येतात: तुम्ही दोघंच असाल तर तीन भाग, दोन त्याचे, एक तुमचा. आपल्या कोर्टांतही मुसलमानांच्या बाबतीत साधारण हाच कायदा लागतो. 'सेवा केलीस' या आईच्या शब्दांवरून मला दुसरीच शक्यता जास्त वाटते, पण ती कशानं गेली हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून हा निकाल मी देत नाही. कागद घेऊन एखाद्या जाणत्या आलिमाकडं आणि वकिलाकडं जा.

आणि माल बाजूला ठेवला तरी एक नुकसान तुम्ही केलंच आहे. चार माणसांत तुमचा भाऊ म्हणाला, पाटल्या हिच्याकडं आहेत. 'लांबवल्या' हा शब्द वाईट, बिनपुराव्याचा, त्याचं उत्तर तो देईल. पण पाटल्या होत्या तुमच्याकडंच. तुम्ही अल्लाहचं नाव घेतल्याबरोबर त्या चौघांत तो मेलेल्या आईवरून बहिणीवर बालंट घेणारा ठरला. अडीच वर्षं तो त्या गावात तसाच राहतोय. कुराण उचलायला सांगतोय ते कशापायी, हे आता तुम्हाला दिसत असेल.

म्हणून कुराण उचलू नका. 'मी चोरी केली नाही' हे शब्द खरे आहेत, पण वाट बंद आहे. हुजूरांनी सांगितलंय की तुझी कसम तीच, जिच्यावर समोरचा तुला खरं मानतो. भाऊ आणि जमात त्या शब्दांचा अर्थ काय घेणार? पाटल्या हिच्याकडं नाहीत. तोच तुमच्या कसमेचा अर्थ, पोटात तुम्ही काहीही ठेवलेलं असो. एका गमूसवर दुसरी चढेल, आणि या वेळी तर ठरवून. कुराणावर हात ठेवल्यानं कसम नव्यानं बनतही नाही. अल्लाहचं नाव घेतलं की कसम पुरी. दोन माणसांच्या वाटणीच्या भांडणात कुराणशरीफ टेबलावर आणायचं कारणच नाही, हे मी त्या जमातीलाही सांगेन. पुरावा नसला तर नाकारणाऱ्याकडं कसम मागायचा हक्क भावाला आहे, हे खरं. पण तुम्ही नाकारूच नका.

निकाहाच्या आधी फोन करा. मांडवात नको, भाचीमार्फत नको. म्हणा, "भाई, पाटल्या माझ्याकडं आहेत. आईनं दिल्या. त्या दिवशी मी खोटी कसम खाल्ली." यापुढं एक शब्द नको; 'पण तूसुद्धा' हे तर अजिबात नको, तुमच्या जिभेवर ते तयार आहे हे मला पत्रावरून दिसतंय. तो आरडाओरडा करेल. फोन ठेवून देईल कदाचित. दोन दिवसांनी पुन्हा करा. त्या चार माणसांतल्या निदान एका-दोघांना, जे गावात बोलतात त्यांना, हीच गोष्ट तुमच्या तोंडून कळू दे. आणि जाताना पाटल्या पर्समध्ये घेऊन जा. वाटणीत निघाल्या तर त्याच्या हातात द्या, तो म्हणाला ठेव तर ठेवा. माझा अंदाज सांगू? दोघंही म्हणाल की पोरीला घाला. पण ते त्याच्या आणि तुमच्या मर्जीनं व्हावं, माझ्या नाही.

आता कफ्फारा. शेजारीण इथं चुकली, आणि ती एकटीच नाही, निम्मी दुनिया इथं चुकते. रोजे आधी येत नाहीत. सूरह माइदाच्या ८९व्या आयतीत क्रम स्पष्ट आहे: दहा गरिबांना जेवण, तुम्ही घरी साधारण जे खाता त्या प्रतीचं, किंवा दहा जणांना कपडे, किंवा गुलाम मुक्त करणं, जे आता उरलेलं नाही. या तिन्हींतलं कुठलंही निवडा. ज्याची ऐपत नाही त्यानंच तीन रोजे. भाचीच्या आहेराला साडी-भांडं घेणाऱ्या बाईनं ऐपत नाही म्हणू नये.

शेजारीण हनफी असणार. हनफींत ऐपत नसलेल्यानं धरायचे ते तीन रोजे लागोपाठ असावे लागतात, शाफईंत सुटे चालतात. हनफींत कफ्फारा कसम मोडल्यानंतरच द्यायचा. शाफईंत धान्य-कपडा आधीही देता येतो, रोजे मात्र नंतरच. हनफी दहा जणांना दोन वेळ पोटभर जेवू घालतात, किंवा माणशी दीड-पावणेदोन किलो गहू, किंवा तेवढे पैसे देतात. शाफईंत शिजवलेलं अन्न नाही, पैसेही नाहीत. गावात जे मुख्य धान्य खातात ते, माणशी एक मुद्द, आणि दहा वेगवेगळ्या माणसांच्या हातात. एकाच गरिबाला दहा दिवस दिलं तर हनफींत चालतं, शाफईंत नाही. तुम्ही जन्मानं शाफई, माहीमचे सूफी संत मखदूम अली माहिमी यांच्या मसलकातल्या, म्हणजे पंथातल्या, तेव्हा खतीबसाहेबांचंच ऐका. एकाचं अर्ध नि दुसऱ्याचं अर्ध असं सोयीनं जोडू नका. दोन्हीकडं चालेल असं हवं असेल, तर उंबरा ओलांडून झाल्यावर द्या.

खोट्या कसमेचं काय? हनफी म्हणतात की तिला कफ्फाराच नाही, ते पाप इतकं मोठं की तांदळानं धुतलं जात नाही, तौबाच करायची. इमाम शाफईंचं म्हणणं, तौबा तर आहेच, वर कफ्फाराही. माझे सासरे हनफींचं मत सांगताना आवाज खाली आणायचे, आणि मला तेच जास्त भीतीदायक वाटायचं. तुम्ही शाफई, म्हणून तुमचे दोन कफ्फारे झाले, एक उंबऱ्याचा, एक पाटल्यांचा. दहा माणसांना प्रत्येकी दोन मुद्द द्या, किंवा वीस माणसांना एकेक.

मुद्द म्हणजे मध्यम चणीच्या पुरुषाची भरलेली ओंजळ. वजनात पाऊण किलो तांदूळ धरलेत तर कमी पडायची धास्ती नाही, म्हणजे सगळे मिळून १५ किलो. घरात खाता तोच तांदूळ, दुकानातला तुकडा नको. वजनकाटा नसेल आणि ओंजळीनंच मोजणार असाल तर तुमची ओंजळ धरू नका, नवऱ्याची धरा. मागच्या दाराचा सल्ला देणाऱ्यालाही थोडं काम पाहिजे.